राहत्या माणसांचे शहर



या परिषदेचे अध्यक्षपद आपण माझ्याकडे सोपवलेत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. हा मान स्वीकारताना ज्यांच्या खांद्यावर आपण सगळे उभे आहोत, त्या पूर्वसूरींचे स्मरण करणे हे माझे पहिले कर्तव्य आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, नारायण विष्णु जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ साली. आपल्या भाषेत शहर हा लेखनाचा विषय होऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि घरोघरच्या रुमालांत बांधून पडलेले कागद अभ्यासकांच्या हाती आले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, गवाक्षे, भांडी आणि वाद्ये गावोगाव हिंडून जमवली. त्यांच्या संग्रहालयात आज सुमारे २० हजार वस्तू आहेत. कोथरूडचा मस्तानी महालही तिथेच आणून पुन्हा उभा केलेला आपण पाहतो.

या मंडळींनी कागद वाचवले, वस्तू वाचवल्या. राहती घरे वाचवण्याचे काम मात्र मागे पडले. आज मला त्याविषयी बोलायचे आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी तो पुण्याच्या पेठांपुरता मर्यादित ठेवतो. नाशिक, वाई, सातारा, कोल्हापूर किंवा नागपूरच्या महाल भागातून आलेल्या प्रतिनिधींना आपापल्या गावचे चित्र यात ओळखू येईल, याची मला खात्री आहे.

पुणेकराचे पुण्यावर प्रेम आहे, हे वेगळे सांगायला नको. एखादा जुना वाडा पाडायला घेतला की हळहळ व्यक्त होते, जुनी छायाचित्रे बाहेर निघतात, आठवणींचे लेख येतात. ही हळहळ खोटी नसते. पण ती उशिरा येते आणि बहुधा ज्यांनी तो वाडा सोडून बरीच वर्षे झाली त्यांच्याकडून येते. त्याच वाड्यात अजून राहणारे कुटुंब त्या वेळी सामान कुठे हलवायचे या विवंचनेत असते. माझे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. वास्तूवरचा जिव्हाळा आणि वास्तूत राहणाऱ्या माणसाचा हक्क यांची आपण फारकत केली, आणि त्यामुळे दोन्ही आपल्या हातून निसटत आहेत.

शहरावरचा जिव्हाळा तयार कसा होतो, हे आधी पाहू. तो पाटी वाचून होत नाही, वहिवाटीने होतो. आषाढात ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते. त्या दिवसांत आजूबाजूच्या घरांचे जिने, ओसऱ्या आणि मोऱ्या वारकऱ्यांसाठी मोकळ्या होतात. त्या गल्लीतल्या माणसाला देवळाचे महत्त्व कुणी समजावून सांगावे लागत नाही. कसबा गणपती हे ग्रामदैवत. विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचा, आणि मिरवणूक सुरू होते ती मंडईपासून. तुळशीबागेत नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशवाईत उभारलेले राममंदिर आहे. त्याच्या भोवती तांब्यापितळेची भांडी, देव्हारे, बांगड्या, भातुकलीची खेळणी यांची दुकाने आहेत. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका आत जाऊन रामाला हात जोडतात आणि पुन्हा घासाघीस करायला बाहेर येतात. अडीचशे वर्षे ती जागा जिवंत राहिली आहे, कारण तिथे रोज माणसांचे काम असते.

मंडईची गोष्टही अशीच. शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरणारा भाजीबाजार १८८६ मध्ये शुक्रवार पेठेतल्या नव्या इमारतीत गेला. ‘रे मार्केट’ हे तिचे मूळ नाव. त्या इमारतीवरच्या खर्चाला महात्मा जोतीराव फुले यांचा विरोध होता. पुढे शहराने त्याच इमारतीला त्यांचे नाव दिले. आज तो अष्टकोनी मनोरा, त्याखालचे ओटे आणि ओट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बसणारे गाळेधारक मिळून मंडई होते. उद्या भाजीवाले तिथून हलवले आणि नुसता मनोरा रंगवून ठेवला, तर मंडई वाचली असे कुणी म्हणणार नाही.

आता याच्या शेजारी शनिवारवाडा ठेवून पाहा. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याची पायाभरणी केली. १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. पहिल्या बांधकामाला १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतले इमले जळून गेले. उरले तट, बुरूज, दिल्ली दरवाजासह पाच दरवाजे, नगारखाना, जोती आणि कारंजी. हे अवशेष मोलाचे आहेत आणि कायद्याने त्यांना संरक्षण आहे, हे योग्यच आहे. परंतु ज्या मराठी घरबांधणीचे शनिवारवाडा हे भव्य रूप होते, ती घरबांधणी आत जाऊन आपल्याला पाहता येत नाही. ती पाहायची असेल तर बाहेर येऊन कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतल्या गल्ल्यांत शिरावे लागते. तिथे जे वाडे अजून उभे आहेत, त्यांना शनिवारवाड्यासारखा पहारा नाही आणि तिकीटखिडकीही नाही.

असा वाडा म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहू या. कारण आपल्या नव्या पिढीने तो बहुतेक नाटकासिनेमाच्या नेपथ्यातच पाहिला आहे. दिंडी दरवाज्यातून वाकून आत आले की देवडी. पुढे चौक, मधोमध तुळशीवृंदावन, कोपऱ्यात आड. चौकाच्या भोवती ओसरी, मागे माजघर, स्वयंपाकघर, परसू. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर भाजक्या विटा किंवा पांढरी माती, आणि सगळा भार पेलायला सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घराचा आकार खणांत मोजला जाई. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, तुळयांखाली कोरलेली केळफुले, वर कडीपाट. चौकामुळे भर उन्हाळ्यात आतल्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळे. मातीच्या जाड भिंती दुपारची तलखी आत येऊ देत नसत. विजेच्या पंख्याआधीच्या काळात दख्खनच्या हवेला शोभेल असे घर कसे बांधावे, याचे ज्ञान त्या सुतार, गवंडी आणि पाथरवटांच्या हातात होते.

हे घर मरते कसे, तेही जवळूनच पाहिले पाहिजे. सुरुवात एका कौलापासून होते. कौल सरकते, पावसाचे पाणी भिंतीत उतरते आणि तुळईचे जे टोक भिंतीत रुतलेले असते तिथे मुरते. उघडी तुळई ओली झाली तर वाळते. भिंतीतले टोक वाळत नाही. ते आतल्या आत कुजते, त्याला वाळवी लागते, आणि बाहेरून तुळई धडधाकट दिसत राहते. मग कुणीतरी भिंतीला ओल आली म्हणून सिमेंटचा गिलावा करून घेतो. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीतली ओल हवेत निघून जाऊ शकते. सिमेंटचा थर बसला की ती कोंडते आणि कुजण्याचा वेग वाढतो. काही पावसाळ्यांनी एका खणाचा कडीपाट खचतो. जाणता सुतार कुजलेले टोक कापून तिथे नवे सागवान सांधू शकतो. सबंध वाड्याच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ असतो. पण तो करायचा कुणी?

या प्रश्नाशी आपण आलो की हळहळीची भाषा पुरत नाही, कायद्याची आणि पैशाची भाषा बोलावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरभाड्यांवर नियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. युद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीच्या धामधुमीत गरीब भाडेकरूला छप्पर राहावे, हा त्यामागचा हेतू चांगला होता आणि त्या कायद्याने लाखो कुटुंबांना शहरात टिकवले, हे कुणी नाकारू नये. मात्र भाडे तिथेच थांबले आणि कौलांचे, लाकडाचे, मजुरीचे भाव वाढत गेले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. परंतु मुळातली रक्कमच इतकी अल्प होती की त्या वाढीतून एका खणाचे कौल शाकारणेही परवडत नाही. मालक म्हणतो, उत्पन्न नाही तर दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही तर पैसा कशाला घालू? दोघांचेही खरे आहे, आणि दोघांच्या मध्ये तुळई कुजते आहे.

त्यात १२ जुलै १९६१ चा दिवस आला. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत घुसले. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या, शेकडो वाडे बसले. पूरग्रस्तांना शहराबाहेर नव्या वसाहतींत घरे मिळाली. एका पावसाळ्यात पुण्याची वस्ती पेठांबाहेर फेकली गेली, आणि परत येऊन वाडा पूर्वीसारखा बांधणे बहुतेकांच्या आवाक्यात नव्हते. त्यानंतर काँक्रीट आले, मग चटईक्षेत्राचा हिशेब आला, मग विकासक आला. आज दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. जीव वाचवण्यासाठी ते आवश्यक आहे. तरी भाडेकरू घर सोडायला तयार होत नाही. बाहेरचे लोक त्याला हटवादी म्हणतात. त्याची भीती साधी आहे. एकदा उंबरठा ओलांडला की परत येता येईल याची हमी त्याच्याकडे नसते. पाडलेल्या वाड्यात आपली खोली किती खणांची होती, हे सिद्ध करणारा कागद अनेकांपाशी नसतो.

शनिवारवाड्याच्या भोवती राहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत बांधकाम नियंत्रित आहे. २०१० च्या दुरुस्तीने हा कायदा कडक झाला. स्मारकाच्या अंगावर उंच इमारती चढू नयेत, हा हेतू मला मान्य आहे. परंतु त्या वर्तुळात शेकडो कुटुंबे जुन्या, मोडकळीला आलेल्या वाड्यांत राहतात. त्यांना परवानगी घेऊन डागडुजी करता येते, नवे बांधता येत नाही. ज्या स्मारकाच्या सावलीत त्यांच्या पिढ्या वाढल्या, तेच स्मारक आज त्यांना अडचण वाटू लागले आहे. वारशाचे यापेक्षा मोठे नुकसान मला दिसत नाही. सगळ्यात जवळ राहणारा माणूसच वारशाचा पहिला राखणदार असतो. तो विरोधात गेला तर कितीही पहारेकरी ठेवले तरी उपयोग नाही.

बंधुभगिनींनो, जिव्हाळ्याविषयी बोलताना आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. जुन्या शहराची आठवण सगळ्यांना सारखीच गोड नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावांपासून शहरापर्यंत दगडविटांचा भुयारी नळ बांधला गेला. जमिनीच्या उतारावर पाणी आपोआप वाहत येऊन पेठापेठांतले हौद भरत असे. त्या काळातली ही मोठी अभियांत्रिकी कामगिरी होती आणि तिचे अवशेष जपलेच पाहिजेत. मात्र ते पाणी जातिव्यवस्थेने बांधलेल्या शहरात येत होते, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना सवर्णांच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. म्हणूनच १८६८ साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केला, ही घटना या शहराच्या पाण्याच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे. कात्रजचा नळ आणि फुल्यांच्या घरचा हौद हे दोन्ही मिळून पुण्याच्या पाण्याचा वारसा होतो. एकाचा अभिमान बाळगायचा आणि दुसऱ्याचा उल्लेख जयंतीपुरता करायचा, असे करणाऱ्याला शहराचा इतिहास कळला असे मी मानणार नाही.

वाड्यांबाबतही हेच खरे आहे. चौकाची शीतल सावली ज्याने अनुभवली त्याच्या आठवणी आपल्या साहित्यात पुष्कळ आहेत. त्याच वाड्याच्या अंधाऱ्या माजघरात धुराने डोळे चुरचुरत आयुष्य गेलेल्या बाईची, तळमजल्याच्या एका खोलीत सात माणसांचा संसार केलेल्या बिऱ्हाडाची, सामाईक संडासापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीची आठवण तितकीच खरी आहे. तिला नव्या इमारतीत स्वतंत्र न्हाणीघर हवे असेल, तर ती वारशाची शत्रू ठरत नाही. मुंबईत बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना मोठे घर मिळाले याचा मला आनंदच आहे. वारसा जपण्याच्या नावाखाली कुणाला गैरसोयीत कोंडून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. जुन्या वास्तूत आजची सोय कशी बसवायची, हे आपल्या वास्तुरचनाकारांपुढचे खरे काम आहे.

भिडेवाड्याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या मनात ताजे आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी जिथे मुलींची शाळा सुरू केली, तो बुधवार पेठेतला वाडा अनेक दशके मोडकळीला आला होता. गाळेधारकांचा वाद न्यायालयात चालला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ती जीर्ण वास्तू उतरवली. तिथे स्मारक होत आहे आणि ते व्हायलाच हवे. पण भारतीय स्त्रीशिक्षणाच्या दृष्टीने इतकी महत्त्वाची वास्तू डागडुजीच्या पलीकडे जाईपर्यंत आपण तिचा निर्णय लांबवत राहिलो, याची खंत आपल्या सर्वांना असली पाहिजे. मूळ खोली, मूळ जिना, मूळ उंबरठा आता कुणालाही दाखवता येणार नाही. ज्या वास्तू अजून उभ्या आहेत, त्यांच्या बाबतीत वेळेवर निर्णय घेणे एवढेच आपल्या हातात उरले आहे.

हे करता येते, याची उदाहरणे आहेत. विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत गेला होता. तो पुन्हा उभा राहिला त्यात लोकवर्गणीचा वाटा होता. पुढे तिथे नगरपालिकेचा कारभार चालला, टपाल कार्यालय आले. वापर सुरू राहिला म्हणून तो कोरीव लाकडी सज्जा आज रस्त्यावरून जाताना आपल्याला दिसतो. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू केली, देशातले हे पहिले पाऊल होते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या वास्तूचे काम महापालिका, एक विश्वस्त संस्था आणि तज्ज्ञ यांनी मिळून केले, आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला. ओव्हल मैदानाच्या आसपासच्या रहिवाशांनी आधी मैदान सांभाळले, मग आपल्या इमारतींचे महत्त्व जगापुढे मांडण्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१८ मध्ये तिथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलीच्या ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत आला. त्यांतल्या कित्येक इमारतींत आजही कुटुंबे राहतात, गॅलरीत कपडे वाळतात. अहमदाबादमध्ये १९९७ पासून जुन्या पोळांमधून वारसा फेरी निघते. तिथल्या महापालिकेने जुनी लाकडी घरे जपणाऱ्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क दिले. २०१७ मध्ये देशातले पहिले जागतिक वारसा शहर होण्याचा मान अहमदाबादला मिळाला. या ठिकाणच्या अडचणी संपलेल्या नाहीत. पण या सर्व ठिकाणी रहिवासी, तज्ज्ञ आणि महापालिका एका टेबलाशी बसले, हे लक्षात घ्यावे.

आपल्या शहरासाठी या परिषदेने काही मागण्या ठामपणे कराव्यात, असे मी सुचवतो. पहिली मागणी दुरुस्तीच्या निधीची. स्मारकांना निधी मिळतो. राहत्या वारसा वाड्याच्या छपरासाठी आणि लाकडासाठी महापालिकेने अनुदान किंवा कमी व्याजाचे कर्ज द्यावे, आणि ते मालक व भाडेकरू दोघांना मिळून घेता यावे. दुसरी मागणी भाडेकरूच्या नोंदीची. धोकादायक वाडा रिकामा करण्याआधी प्रत्येक बिऱ्हाडाची मोजणी होऊन तिचा सही-शिक्क्याचा कागद त्या कुटुंबाच्या हातात पडला पाहिजे. तो कागद हाती असला की माणूस जीव मुठीत धरून पडक्या घरात बसणार नाही. तिसरी मागणी स्मारकांभोवतीच्या रहिवाशांची. प्रत्येक स्मारकाची जागा वेगळी, भोवतालची वस्ती वेगळी. सरसकट वर्तुळ आखण्याऐवजी त्या त्या स्मारकाचा अभ्यास करून इमारतीची उंची, बाह्यरूप आणि बांधकामाचे साहित्य ठरवणारी नियमावली व्हावी, आणि ती ठरवताना तिथल्या लोकांना विश्वासात घ्यावे. चौथी मागणी कारागिरांची. चुन्याची घाणी चालवणारा, लाकडाला सांधा देणारा, जोत्याचा दगड घडवणारा माणूस आज शोधून सापडत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये हे कौशल्य शिकवले गेले, तर वाडे वाचतील आणि तरुणांना कामही मिळेल.

आता मी आपल्या, म्हणजे लेखकांच्या आणि अभ्यासकांच्या कामाकडे वळतो. मराठी साहित्यात घर भरपूर आहे. चाळ विनोदात आली, झोपडपट्टी कादंबरीत आली, महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने विदर्भातल्या एका कुटुंबाचा वाडा रंगभूमीवर उभा केला. परंतु शहरातल्या राहत्या वास्तूंची पद्धतशीर नोंद ठेवणारे लेखन आपल्याकडे फार तोकडे आहे. थोर पुरुषांच्या निवासस्थानांवर महापालिकेने निळ्या पाट्या लावल्या, हे चांगले केले. मात्र ज्या घरात कुणी थोर पुरुष राहिला नाही, ते घर आपल्या नोंदीत येतच नाही. मोडी वाचणारे आपल्यात आहेत, जुने नकाशे वाचणारे आहेत, छायाचित्रकार आहेत. ही सगळी मंडळी आजवर आपापल्या वर्तुळात काम करत राहिली. वाड्याच्या मालकीचा कागद एकाकडे, त्याचा आराखडा दुसऱ्याकडे, तिथल्या आजींची आठवण तिसऱ्याच्या ध्वनिमुद्रणात. वाडा पडतो तेव्हा त्याचे कोरीव खांब जुन्या लाकडाच्या वखारीत जातात आणि ही माहितीही तशीच विखरून जाते.

भुयारी मेट्रो २०२४ मध्ये आपल्या पेठांच्या पोटातून धावू लागली. कसबा पेठ आणि मंडई या नावांची स्थानके झाली. या भागातल्या जमिनीचे भाव आणखी वाढतील आणि पाडकामाचा वेगही वाढेल, हे ओळखून आपण काम केले पाहिजे. मी विकासाच्या विरोधात नाही. पेठांत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जिना चढण्याऐवजी उद्वाहन मिळावे, अग्निशमन दलाची गाडी त्याच्या दारापर्यंत यावी, असे मलाही वाटते. माझा आग्रह इतकाच आहे की बदल ठरवताना तिथला रहिवासी निर्णयात असावा, जे टिकण्यासारखे आहे ते टिकावे, आणि जे टिकणार नाही त्याची नोंद ते जाण्याआधी झालेली असावी.

म्हणून या परिषदेच्या प्रत्येक प्रतिनिधीला मी एक काम सोपवतो. आपल्या गावात परत गेल्यावर एक राहते जुने घर निवडा. ते प्रसिद्ध नसले तरी चालेल, नसलेलेच बरे. त्यात राहणाऱ्यांची परवानगी घ्या. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना सोबत नेऊन त्याची मोजमापे घ्या, आराखडा काढा, छायाचित्रे काढा. घरातले मालकीचे आणि भाड्याचे कागद पाहा आणि त्यांच्या प्रती करा. मालक, भाडेकरू, घरातल्या बायका, मुले आणि तिथे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी या सगळ्यांचे म्हणणे लिहून घ्या. छप्पर कुठे गळते आणि दुरुस्तीला किती खर्च येईल, हेही त्यात नोंदवा, कारण त्या नोंदीचा पहिला उपयोग तिथल्या रहिवाशांना झाला पाहिजे. तयार झालेल्या वहीची एक प्रत त्या कुटुंबाला द्या, एक गावच्या वाचनालयात ठेवा, एक नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या वारसा कक्षाकडे रीतसर पोच घेऊन दाखल करा. पुढच्या वर्षी आपण जमू तेव्हा ठरावांच्या आधी या वह्या सभेपुढे मांडल्या जाव्यात, अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे.

ज्या घराची वही झाली, त्या घराविषयी निर्णय घेणाऱ्याला तिथल्या माणसांकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. आपल्या हाती लेखणी आहे, आणि तिचा इतका उपयोग आपण नक्की करू शकतो. या कामाला आपण सर्वांनी लागावे, अशी कळकळीची विनंती करून मी माझे भाषण संपवतो.